इंचभर पाणी

पहिल्या सत्राचा भोंगा वाजतो, खेळाडू एकामागून एक आत जातात आणि बर्फाच्या कडेचं मोठं दार उघडून एक बोजड गाडी बाहेर येते. इतका वेळ कानठळ्या बसवणारे प्रेक्षक हॉट डॉग आणि बिअर आणायला उठतात. मी बसून राहते. खरं सांगायचं तर मला आइस हॉकीपेक्षा ही गाडीच जास्त कळते. पक नावाची ती काळी रबरी चकती इतक्या वेगानं सरकते, की ती जाळ्यात गेल्याचं मला शेजारच्यांच्या आरड्याओरड्यावरूनच समजतं. गाडीला मात्र कसली घाई नसते. कडेकडेनं एक लांबट फेरी, मग जरा आत सरकून दुसरी, मग तिसरी. पुढे स्केट्सच्या पात्यांनी ओरबाडलेला, भुरभुरलेला पांढरा बर्फ. मागे ओला, काळसर, चकाकणारा पट्टा. आणि त्या पट्ट्यावरून किंचित वाफ निघत असते.

वाफ म्हणजे गाडी गरम पाणी सोडते. बर्फावर बर्फ चढवायचा तर पाणी गरम हवं, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा थट्टाच वाटली होती. पण कारण साधं आहे. गरम पाणी वरचा थर थोडासा वितळवतं, ओरखड्यांत शिरतं आणि खालच्या बर्फाशी एकजीव होऊन गोठतं. त्यात विरघळलेली हवाही कमी, म्हणून गोठल्यावर तो थर जास्त घट्ट होतो. ही गाडी बनवणारा फ्रँक झांबोनी कॅलिफोर्नियातला, म्हणजे जिथं बर्फाची मारामार तिथला. त्याचा धंदा बर्फाच्या लाद्यांचा. घरोघरी फ्रीज आले, लाद्यांना गिऱ्हाईक उरेना, तेव्हा घरच्यांना हाताशी धरून त्यानं स्केटिंगची रिंक काढली. तिथला बर्फ नीट करायला माणसं फावडी आणि पाण्याचे होज घेऊन तासाच्या वर राबायची. तो वेळ वाचवायला खटपट करत १९४९ मध्ये त्यानं ही गाडी उभी केली. बुडत्या धंद्यातल्या माणसाला असं काहीतरी सुचतं.

मी ज्या रिंकमध्ये बसलेली असते ती या गाडीहून फक्त एका वर्षानं लहान. कॅम्ब्रिया काउंटी वॉर मेमोरियल अरीना, जॉन्सटाउन, पेन्सिल्व्हेनिया. १९५० च्या शरदात सुरू झालेली. पिट्सबर्गहून पूर्वेला शंभरेक किलोमीटर गेलं, की ॲलेगेनी डोंगरांच्या खोल घळीत हे गाव लागतं. स्टोनीक्रीक आणि लिटल कॉनमॉ या दोन नद्या इथं मिळतात आणि कॉनमॉ होऊन पुढे जातात. अरीना नेपोलियन स्ट्रीटवर, स्टोनीक्रीकच्या जवळच. नावात पुढे आणखी एका बँकेचं नाव जोडलेलं आहे. हल्ली स्मारकांनाही प्रायोजक लागतो. पण गावातली म्हातारी माणसं नुसतं 'वॉर मेमोरियल' म्हणतात. "आज वॉर मेमोरियलला येतोयस ना?" असं एखाद्या मित्राला विचारणं जरा विचित्र वाटेल, पण इथं त्याचा अर्थ हॉकी.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर ही एक टूमच निघाली होती. गेलेल्या मुलांसाठी आणखी एक दगडी शिपाई चौकात उभा करण्यापेक्षा उपयोगाचं काहीतरी बांधा: सभागृह, ग्रंथालय, तरणतलाव, खेळाची इमारत. सिरॅक्यूजला, रॉचेस्टरला अशीच वॉर मेमोरियल आहेत. आपल्याकडे स्मारक म्हटलं की चौथरा, पुतळा, भोवती साखळी आणि वर्षातून दोनदा हार. त्या साखळीच्या आत पोरांनी पाय ठेवला तर कुणीतरी खेकसतं. इथं पोरांनी आत यावं, धडपडावं, दात पाडून घ्यावेत यासाठीच स्मारक बांधलेलं. रणांगणावर गेलेल्यांच्या नावानं उभ्या केलेल्या वास्तूत आठवड्याच्या शेवटी माणसं एकमेकांना भिंतीवर आपटतात आणि चार हजार लोक टाळ्या वाजवतात, यात काही विसंगत आहे असं इथं कुणाला वाटत नाही. मला थोडी वर्षं वाटायचं. आता वाटत नाही.

रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद, हे मोठ्या हॉकीचं नेहमीचं माप. त्यावर बर्फ किती, तर जेमतेम इंचभर. काँक्रीटच्या लादीत पुरलेल्या नळ्यांतून उणे तापमानाचा द्रव फिरवायचा, वरून पाण्याचे पातळ हात द्यायचे, मध्येच पांढरा रंग, लाल-निळ्या रेघा, परत पाण्याचे हात. मी एकदा बसल्याबसल्या हिशोब केला. असा इंचभर थर म्हणजे साधारण चाळीस हजार लिटर पाणी. आपल्या सोसायट्यांच्या दारात उन्हाळ्यात येतात तसले दहा हजारांचे चार टँकर. एवढ्याशा पाण्यावर हे सगळं युद्ध चालतं.

पाण्याचे हिशोब करायची ही खोड या गावात आलं की आपोआप लागते. जॉन्सटाउन हे नाव जगानं ऐकलं ते पाण्यामुळंच. इथून चौदा मैलांवर, डोंगरात वर, साउथ फोर्क नावाचं मातीचं धरण होतं. मूळ बांधलं ते कालव्याला पाणी पुरवायला. कालवे मागे पडले, रेल्वे आली आणि धरण पडीक झालं. १८७९ मध्ये पिट्सबर्गच्या श्रीमंतांनी ते विकत घेऊन तिथं क्लब काढला. पोलाद आणि कोळशातले मोठे मोठे लोक सभासद होते. अँड्र्यू कार्नेगी होता, हेन्री क्ले फ्रिक होता. दोन मैल लांबीचं तळं, काठावर प्रशस्त लाकडी बंगले, पाण्यात शिडाच्या होड्या, एखादी वाफेची नौका. तळ्यात मासे सोडलेले. ते पळून जाऊ नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशी जाळ्या लावलेल्या. धरणाचा माथा थोडा खाली आणलेला. घोडागाड्यांना वरून जायला वाट रुंद व्हावी म्हणून, असं सांगतात. तळाशी पाणी सोडायचे नळ होते, ते आधीच्या मालकानं कधीच काढून विकलेले. पुन्हा बसवायचं कुणाला सुचलं नाही.

३१ मे १८८९ ला दुपारी तीन वाजून गेल्यावर ते धरण फुटलं. आदल्या रात्रीपासून धो धो पाऊस होता, गावाच्या रस्त्यांवर आधीच पाणी चढलं होतं. तारेनं इशारे आले होते. पण धरण फुटणार ही आवई दर पावसाळ्यात उठायची, म्हणून त्याचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. जुन्या हिशोबानं दोन कोटी टन पाणी त्या अरुंद दरीतून झाडं, घरं, रेल्वेची इंजिनं गोळा करत खाली आलं. गावाच्या वरच्या अंगाला तारांचा कारखाना होता, तिथले काटेरी तारांचे भेंडोळेही त्यात आले. पुढे रेल्वेच्या दगडी पुलाला सगळा मलबा अडला, तारांत गुंतलेली जिवंत माणसंही त्यात होती, आणि रात्री त्या ढिगाऱ्यानं पेट घेतला. २,२०९ माणसं गेली. टेकडीवरच्या ग्रँडव्ह्यू स्मशानभूमीत ७७७ पांढरे दगड ओळीनं उभे आहेत. ज्यांची ओळख पटली नाही त्यांचे. त्यांच्यावर काही कोरलेलं नाही.

क्लबवर खटले झाले. न्यायालयांनी ठरवलं, ही देवाची करणी. कार्नेगीनं गावाला नवं ग्रंथालय बांधून दिलं. आज त्याच इमारतीत पुराचं संग्रहालय आहे. हे कळल्यावर माझ्या तोंडून हसूच फुटलं होतं. बरोबरच्या बाईंनी वळून पाहिलं.

मी पुण्याची. आमच्या घरात 'पूर' म्हटलं की पुढे साल सांगावं लागत नसे. १२ जुलै १९६१. आजी नारायण पेठेत राहायची आणि तिचं सगळं आयुष्य 'पुराच्या आधी' आणि 'पुरानंतर' अशा दोन कप्प्यांत ठेवलेलं असायचं. तांब्याचं घंगाळ पुराच्या आधीचं, लाकडी कपाट पुरानंतरचं. पानशेतचं धरण पुरतं बांधून झालं नव्हतं, तरी पाणी साठवलं. रात्रभर जवानांनी वाळूची पोती रचून ते तगवलं, म्हणून धरण अंधारात न फुटता उजेडी फुटलं. खडकवासलाही मग टिकलं नाही. आजीला पुराचं पाणी आठवायचंच, पण त्याहून जास्त आठवायची ती नंतरची पाणीटंचाई. खडकवासला गेल्यामुळं नळ कोरडे. घरभर चिखल, आणि तो धुवायला पाणी नाही. ही गोष्ट ती अशी सांगायची की पुरानं मुद्दाम तिची फजिती केली आहे.

म्हणूनच असेल, जॉन्सटाउनच्या सिटी हॉलच्या कोपऱ्यावर पाण्याच्या पातळीच्या खुणा पाहिल्या तेव्हा मला परक्या गावात आल्यासारखं वाटलं नाही. सगळ्यात वर १८८९. त्याखाली १९३६. त्याखाली १९७७. मी तिसऱ्या खुणेखाली उभी राहून वर पाहिलं. ती सगळ्यात खालची, आणि तरीही माझ्या डोक्याच्या वर.

१९३६ चा पूर सेंट पॅट्रिकच्या दिवशी आला. डोंगराच्या उभ्या अंगावरून वर नेणारी रुळांची पाळणागाडी १८९१ मध्ये, पहिल्या पुराच्या धड्यावरून, बांधलेली होती. त्या दिवशी तिनं हजारो लोक वर नेले. मग रूझवेल्ट येऊन पाहून गेले, लष्कराच्या अभियंत्यांनी नद्यांचे काठ काँक्रीटनं बांधून काढले, आणि गावानं स्वतःला 'पूरमुक्त शहर' म्हणवून घ्यायला सुरुवात केली. त्या आत्मविश्वासाच्या काळातली ही अरीना. १९५० मध्ये इथं ६३ हजार लोक राहत होते. नदीकाठानं मैलोन् मैल बेथलेहेम स्टीलच्या भट्ट्या. रात्री आकाश तांबडं. हिवाळ्यात पाळी संपवून कामगार काजळलेल्या हातांनी इथं येत असणार, आणि जेट्स नावाचा त्यांचा संघ बर्फावर उतरत असणार. जेट्स लहान लीगमधला संघ. पण त्या लीगमध्ये १९६० ते १९६२ अशी लागोपाठ तीन वर्षं अजिंक्य.

दोन पाण्यांबद्दल मी इथं बसून पुष्कळदा विचार करते. एक वर डोंगरात अडवलेलं, थोड्या लोकांच्या उन्हाळी करमणुकीसाठी; मासे सुरक्षित राहावेत म्हणून सांडवा झाकलेलं. दुसरं खाली घळीत, इंचभर, हजारो लोकांच्या हिवाळी करमणुकीसाठी, ज्याच्या नळ्या आणि पंप कुणीतरी दिवसरात्र तपासत असतं. पहिल्याचे मालक खालच्या गावाला क्वचितच दिसत. दुसरं काउंटीचं, म्हणजे सगळ्यांचं. पोलादाच्या कारखान्याचा नफा कुणाच्या खिशात गेला आणि धूर कुणाच्या छातीत, हे इथल्या माणसांना वेगळं सांगायला नको. करमणुकीचं पाणी तेवढं त्यांनी आपल्या बाजूला वळवून घेतलं. हा विचार जरा जास्तच नीटनेटका आहे, याची मला कल्पना आहे. जेट्सचा सामना पाहायला येणाऱ्या कुणाच्याही डोक्यात तो आला नसेल. त्यांना फक्त ऊब आणि मारामारी हवी होती.

मारामारीनं तर गावाला दुसऱ्यांदा प्रसिद्धी मिळवून दिली. जेट्समध्ये नेड डाउड नावाचा एक खेळाडू होता. त्याची बहीण नॅन्सी पटकथालेखिका. भावाकडून तिनं ऐकलं की संघ विकला जाणार आहे म्हणे, नेमका कुणाच्या मालकीचा तेही खेळाडूंना माहीत नाही. ती येऊन राहिली, टेपरेकॉर्डर भावाच्या हातात दिला आणि खेळाडूंचं बोलणं जमा केलं. त्यातून 'स्लॅप शॉट' लिहिला गेला. इतक्या शिव्या असलेली पटकथा एका बाईनं लिहिली, हे तेव्हा अनेकांच्या पचनी पडलं नाही. जॉर्ज रॉय हिलनं दिग्दर्शन केलं आणि पॉल न्यूमन झाला म्हातारा होत चाललेला खेळाडू-प्रशिक्षक. १९७६ मध्ये चित्रीकरण बरंचसं याच अरीनात झालं. काळ्या जाड काड्यांचे चष्मे घातलेले तीन हॅन्सन भाऊ, जे खेळायचं सोडून मारतच सुटतात, ते वठवले खऱ्याच हॉकीपटूंनी: जेफ आणि स्टीव्ह कार्लसन आणि डेव्ह हॅन्सन. तिसरा कार्लसन भाऊ जॅक ऐन वेळी मोठ्या लीगच्या संघात बोलावला गेला, म्हणून हॅन्सनची वर्णी लागली. आडनाव मात्र तिघांनाही त्याचंच मिळालं.

चित्रपटातलं गाव चार्ल्सटाउन. तिथली गिरणी बंद पडते आहे, हजारो कामगार रस्त्यावर येणार आहेत, संघही बुडणार आहे. प्रशिक्षक प्रेक्षक खेचायला रक्त सांडायची मुभा देतो आणि कुणीतरी संघ विकत घेईल अशी खोटीच आवई उठवतो. शेवटी मालकीणबाई त्याला सांगते की विकण्यापेक्षा बंद करणं करासाठी फायद्याचं. हसता हसता घशात काहीतरी अडकावं असा चित्रपट आहे. गावातला ओतीव लोखंडी कुत्राही त्यात आहे. खरा कुत्रा एका बंगल्याच्या हिरवळीवरचा. १८८९ च्या पुरात वाहून गेला आणि मलब्यात सापडला. चित्रपटानं त्याला पुरातून गाव वाचवणारा करून टाकला. आता येणारे पाहुणे त्याच कुत्र्याची गोष्ट विचारतात आणि गावकरीही फारसा विरोध करत नाहीत.

'स्लॅप शॉट' फेब्रुवारी १९७७ मध्ये झळकला. त्याच वर्षी संघाची तेव्हाची लीग बुडाली आणि जेट्सही संपले. त्याच वर्षी, १९ जुलैच्या रात्री, डोंगरांत सुमारे बारा इंच पाऊस पडला. वरची छोटी धरणं फुटली, त्यातल्या लॉरेल रन धरणानंच जवळजवळ चाळीस जीव घेतले. एकूण ऐंशीहून जास्त माणसं गेली. पूरमुक्त शहराच्या मुख्य रस्त्यांवर पुन्हा पाणी उभं राहिलं. चित्रपटात जे घडणार म्हणून दाखवलं ते नंतर ओळीनं घडत गेलं. भट्ट्या एकेक करून थंड पडल्या. १९८३ च्या सुमाराला बेकारीचं प्रमाण अमेरिकेत सर्वांत जास्त असलेल्या शहरांत जॉन्सटाउनचं नाव सगळ्यात वर होतं. १९९२ मध्ये बेथलेहेमनं इथलं काम गुंडाळलं.

आणि तरी अरीनातले पंप बंद पडले नाहीत. मधल्या काळात दुसऱ्या नावांचे संघ आले आणि गेले. मग १९८८ मध्ये एक नवा संघ आला. त्याचं नाव ठेवलं चीफ्स. चित्रपटातला संघ चार्ल्सटाउन चीफ्स, तो जेट्सवरून रचलेला. आता खऱ्या गावानं खोट्या गावाकडून नाव उसनं घेतलं. गंमत म्हणजे हे खरे चीफ्स चित्रपटातल्यांहून बरेच जास्त टिकले, बावीस वर्षं. पण अजिंक्यपद काही त्यांच्या नशिबात नव्हतं. २०१० मध्ये तो संघ दक्षिणेला, ग्रीनव्हिलला हलला. चित्रपटातला प्रशिक्षक जी आवई उठवतो तीही संघ दक्षिणेला, फ्लोरिडाला, नेण्याचीच होती.

२०१२ पासून टॉमहॉक्स खेळतात. कॉलेजात जायच्या वयाची मुलं, पगार न घेणारी. माझ्या पुढच्या रांगेत त्यांच्यापैकी कुणाला घरी ठेवून घेतलेलं एक कुटुंब बसतं. दूरदूरहून आलेल्या या पोरांना गावातली घरं जेवूखाऊ घालतात. २०१५ मध्ये देशभरच्या गावांच्या एका स्पर्धेत जॉन्सटाउन पहिलं आलं. लोकांनी मतं द्यायची, जिंकणाऱ्या गावाला रिंक दुरुस्तीसाठी दीड लाख डॉलर. त्या सप्टेंबरात पिट्सबर्ग पेंग्विन्स आणि टॅम्पा बे लाइटनिंग असे खरे मोठे संघ इथं सरावाचा सामना खेळून गेले. त्या रात्री आत जागा मिळाली नाही म्हणून अजूनही हळहळणारे लोक मला भेटले आहेत.

२०२० च्या जनगणनेत गावात १८,४११ माणसं होती. खुर्च्या साधारण चार हजार, तेवढ्याच. १९५० मध्ये गावातला पंधरा-सोळा जणांतला एक जण आत मावत असे. आज पाचांतला एक मावतो. अरीना मोठी झालेली नाही. गाव तिच्याभोवती आक्रसलं आहे. एवढ्या गावानं एवढी इमारत गार ठेवायची, म्हणजे विजेचं बिल कुणीतरी दर महिन्याला डोक्याला हात लावून पाहत असणार. काउंटीच्या पैशांचा याहून चांगला उपयोग नाही का, असं इथंही लोक विचारतात, आणि ते चूक विचारत नाहीत. रस्त्यापलीकडे फळ्या ठोकलेली दुकानं आहेत.

गाडी एव्हाना मधला शेवटचा पट्टा ओला करून दाराकडे वळलेली असते. माणसं कागदी पेले सांभाळत परत येऊ लागतात. गेल्या खेपेला माझ्या शेजारी आजोबांबरोबर आलेला नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा होता. अंगात गुडघ्यापर्यंत येणारी निळी जर्सी, बहुधा त्याच्या वडलांची, छातीवर चार्ल्सटाउन चीफ्स. त्यानं तो चित्रपट पाहिलेला असणं त्याच्या आईला मुळीच चालणार नाही. मी सहज विचारलं, "हे चार्ल्सटाउन कुठं आलं रे?" आजोबा हसले आणि काही बोलणार, तेवढ्यात त्यानं पॉपकॉर्नच्या बटरनं माखलेलं बोट खालच्या बर्फाकडे दाखवलं आणि म्हणाला, "हे काय, इथंच." इतकी उघड गोष्ट विचारणाऱ्या बाईकडे त्यानं एकदा नीट पाहून घेतलं. मग पक पडला, काचेवर कुणीतरी धाडकन आपटलं, आणि तो खुर्चीवर उभा राहून माझ्या कानाशी ओरडायला लागला.